शुद्ध तेल आहे, मग बाळाला का नको?

पत्राचा सारांश : कांजूरमार्गला राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. मुलगी ११ महिन्यांची. आई नोकरीवर परत रुजू झाल्यापासून दिवसभर बाळाला सासूबाई सांभाळतात. पावसाळा लागल्यापासून बाळाची सर्दी हटत नाही. सासूबाई उटीहून आणलेलं निलगिरीचं तेल तिच्या छातीला-पाठीला चोळतात, उशीवर थेंब टाकतात. ती बाटली खिडकीच्या कट्ट्यावर, बाळाच्या औषधांशेजारीच असते. गेल्या आठवड्यात त्यांनी तेलाचं बोट बाळाच्या नाकाखाली फिरवलं आणि तिला जोराचा ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला. डॉक्टरांनी "तेल बंद करा" एवढंच सांगितलं. सासूबाई म्हणतात, लालबागच्या चाळीत माझी तीन मुलं याच तेलावर वाढली. नवरा म्हणतो, झाडपाल्याचं आहे, त्याने काय होणार? पत्रलेखिकेला मात्र वाटतं की दोष त्या जुन्या, स्वस्त तेलाचा आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीकडून त्यांनी सुगंधी तेलांचा महागडा संच आणि डिफ्यूझर (पाण्यात टाकलेल्या तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र) घेतला आहे. त्या विचारतात : यातलं कोणतं शुद्ध तेल बाळासाठी वापरू? आणि सासूबाईंना न दुखावता त्यांचं तेल कसं बंद करू?

नमस्कार ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते आज रात्रीच कामाला येणारं आहे. बाळासाठी यातलं कोणतंच तेल वापरू नका. उटीचं नको, संचातलं नको, "लॅव्हेंडर सौम्य असतं" म्हणून तेही नको. दोन वर्षांखालच्या मुलाच्या अंगाला, अंथरुणाला किंवा नाकाजवळ निलगिरी, पुदिना, कापूर यांतलं काहीही लावू नये. दोन वर्षांनंतरही नाका-तोंडाजवळ लावू नये, आणि अंगाला लावायचं झालंच तर डॉक्टरांना विचारूनच. ती झोपते त्या खोलीत डिफ्यूझरही नको. दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ लागेल, कारण मला वाटतं तुमचं आणि सासूबाईंचं भांडण ज्या गोष्टीवरून आहे असं तुम्ही समजता, त्यावरून ते नाहीच.

तुमच्या पत्राचा सगळा भर शुद्धतेवर आहे. तेल भेसळीचं होतं म्हणून त्रास झाला, चांगल्या कंपनीचं असतं तर झाला नसता, असा तुमचा हिशेब. तो मला उलटा वाटतो. निलगिरीच्या तेलाचा मोठा हिस्सा एकाच द्रव्याचा असतो. त्याचं नाव सिनिओल, त्यालाच युकॅलिप्टॉल असंही म्हणतात. ब्रिटिश आणि युरोपीय फार्माकोपियाप्रमाणे, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रंथांप्रमाणे, औषधी दर्जाच्या तेलात ते किमान ७० टक्के असावं लागतं. तो ओळखीचा उग्र वास त्याचा, आणि नाकाला झोंबतं तेही तेच. तेल जितकं अस्सल, तितकं ते जोरकस. भेसळ असेल तर तिचे त्रास आणखी वेगळे, त्यामुळे भेसळीचं वापरा असं मी अजिबात म्हणत नाही. पण शुद्ध म्हणजे सौम्य, ही समजूत तेवढी मनातून काढून टाका.

"झाडपाल्याचं आहे" या तुमच्या यजमानांच्या वाक्याचंही असंच आहे. निलगिरी पर्वतात हे तेल काढतात ते पानं मोठ्या भांड्यात कोंबून, त्यांतून पाण्याची वाफ सोडून. वाफ थंड झाली की पाण्यावर तेल तरंगतं, ते वेगळं काढून घ्यायचं. शंभर किलो ताज्या पानांमागे तेल निघतं जेमतेम किलो-दीड किलो. म्हणजे उटीच्या बाजारात मिळणाऱ्या १०० मिलीच्या बाटलीत सहा ते नऊ किलो पानांचा अर्क असतो. एवढी पानं वाटून कोणी बाळाच्या छातीवर थापणार नाही. बोटावर घेतलेले तेलाचे थेंब मात्र आपल्याला किरकोळ वाटतात, कारण डोळ्यांना दिसतात ते थेंबच.

आणि हे आपल्या आजी-पणजीचं पिढीजात औषधही नाही बरं का. झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. इंग्रजांनी निलगिरी पर्वतात ते लावायला सुरुवात केली १८४०च्या दशकात, मुख्यतः जळणासाठी. आपल्या बटव्यात ओवा, सुंठ, वेखंड होतं. निलगिरी त्यात पुष्कळ नंतर येऊन बसली. हे सासूबाईंना खोडून काढण्यासाठी सांगत नाही. "परंपरेचं आहे" म्हणून आपण एखाद्या गोष्टीला जी मोकळीक देतो, ती कोणाला देतोय हे निदान माहीत असावं.

आता त्या ठसक्याबद्दल. मोठ्या माणसाला निलगिरी "झोंबली" एवढंच होतं. तान्ह्या मुलाची श्वासाची वाट मुळात अरुंद. तिखट वाफ अचानक नाकात गेली तर स्वरयंत्राजवळचे स्नायू आवळले जाऊ शकतात आणि श्वास क्षणभर अडू शकतो. तुमच्या बाळाला नेमकं हेच झालं की नुसता ठसका होता, हे पत्रावरून सांगता येणार नाही. म्हणून डॉक्टरांना हा प्रसंग बारकाव्यांसकट सांगा : किती वेळ चालला, ओठ निळसर झाले होते का, श्वास थांबल्यासारखा वाटला का, नंतर बाळ मलूल पडलं का. तेव्हा जवळ सासूबाईच होत्या, तेव्हा हे त्यांनाच विचारावं लागेल. चौकशीच्या सुरात विचारू नका. त्या क्षणी त्याही घाबरल्या असतील.

मग या तेलाने मोठ्यांना बरं वाटतं ते खोटं का? खोटं नाही. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये याची मोजणी झाली आहे. निलगिरी, कापूर आणि मेन्थॉलची वाफ घेतलेल्या मोठ्या माणसांनी श्वास मोकळा झाल्याचं सांगितलं, पण नाकातून हवा जायला होणारा अडथळा यंत्राने मोजला तर तेवढाच निघाला. थंडाव्याची जाणीव करून देणाऱ्या नसा चेतवल्या जातात, त्याने हायसं वाटतं. रात्री दोन वाजता नाक चोंदून बसलेल्या मोठ्या माणसाला ते हायसं वाटणंही फार मोलाचं असतं. अकरा महिन्यांच्या बाळाला मात्र "आता बरं वाटतंय" हे सांगता येत नाही. तिच्या वाट्याला झोंबणं तेवढं येतं.

सासूबाईंच्या तीन मुलांबद्दल. त्यांचा अनुभव खरा आहे. छातीला थोडं तेल चोळलं म्हणून बहुतेक मुलांना काही होत नाही, आणि साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण बरी होते. श्रेय तेवढं तेलाला मिळतं. पण कधी कुठल्या मुलाला काही झालं, तर त्या काळी त्याचा संबंध तेलाशी कोण लावणार होतं? बंगळुरूच्या न्यूरॉलॉजिस्ट मंडळींनी गेल्या काही वर्षांत निलगिरी आणि कापूर असलेली तेलं व बाम वापरल्यावर फिट आलेले रुग्ण नोंदवले आहेत. त्यांतल्या कित्येकांनी ते तेल प्यायलेलं नव्हतं, नुसतं लावलं किंवा हुंगलं होतं. डॉक्टरांनी मुद्दाम खोदून विचारलं तेव्हा तेलाचा उल्लेख आला. आपल्याकडे ही गोष्ट औषधात धरतच नाहीत. "काही औषध लावलं का?" या प्रश्नाला उत्तर "नाही" असंच येतं.

तरीही, तुमच्या घरातला सगळ्यात मोठा धोका चोळण्यात नाही. तो खिडकीच्या कट्ट्यावर आहे. उटीच्या बाटलीशेजारी तापाचं औषध, सर्दीचं सिरप, नाकात घालायचं सलाइन (मिठाचं पाणी). रात्री मंद दिवा, बाळ रडतंय, चष्मा सापडत नाही, आणि हाताला लागेल ती बाटली उचलली जाते. निलगिरीचं तेल चुकून पाजलं जातं ते बरेचदा असंच. चमचाभर, म्हणजे पाच मिली तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. त्याहून कमी मात्रेनेही उलट्या, गुंगी, झटके येऊ शकतात, आणि ते काही मिनिटांत सुरू होऊ शकतात. तेव्हा हे पत्र वाचून झालं की पहिलं काम : ती बाटली तिथून उचला आणि वरच्या कपाटात, औषधांपासून लांब, कुलपात ठेवा. तुमच्या संचातल्या छोट्या बाटल्याही तिथेच जाऊ द्या. बाळ थोड्याच दिवसांत आधार धरून उभं राहील, मग कट्टा तिच्या हाताच्या टप्प्यात येईल.

ज्यांच्या घरी असं घडेल त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवते. तेल पोटात गेलं तर उलटी करवू नका, मीठ-पाणी किंवा दूध पाजू नका. ओकताना तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसांना इजा होते. लक्षणं दिसायची वाट न बघता बाटली बरोबर घ्या आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, किंवा १०८ ला फोन करा.

सर्दीचं काय करायचं, हे आता सांगते. पहिल्या-दुसऱ्या वर्षात मुलांना वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणं ही नेहमीची गोष्ट आहे, त्यात तुमचं किंवा सासूबाईंचं काही चुकलेलं नाही. मेडिकलमध्ये ०.६५ टक्क्यांचे सलाइनचे थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब, मग मिनिटभराने मऊ कापडाने पुसून घ्या. थोडं थोडं, पण वारंवार पाजा. वर्षाखालच्या बाळाला उशीच देऊ नये, त्यामुळे उशीवरच्या थेंबांचा प्रश्न आपोआप मिटेल. गरम पाण्याच्या पातेल्यावर धरून वाफारा देऊ नका, त्या पाण्याने मुलं भाजतात. आणि खोकल्यासाठी मध चाटवायची सूचना घरातून येईलच, तर वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही. त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

बाळ शांत झोपलेलं असताना एक मिनिट तिचे श्वास मोजायला शिका आणि सासूबाईंनाही शिकवा. दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असेल, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा त्याहून जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पिणं सोडत असेल, तर ती साधी सर्दी नाही. लगेच डॉक्टर गाठा. तेलाच्या नादात बरेचदा हे राहून जातं. चोळून झालं, वास सुटला, आता आराम पडेल असं वाटतं आणि निम्मा दिवस जातो.

घराकडेही जरा बघा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कपडे घरातच दोरीवर वाळतात, कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते. कांजूरला कचऱ्याच्या डम्पिंगच्या वासामुळे खिडक्या लावून घ्याव्या लागतात, हेही मला माहीत आहे. त्या बंद खोलीत अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, ओव्याची धुरी आणि वर डिफ्यूझर असं सगळं एकत्र झालं तर बाळाच्या नाकाला उसंत कुठून मिळणार? वास सुसह्य असेल त्या वेळात खिडक्या उघडा, पंखा लावा, भिंतीची बुरशी पुसून काढा. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. धुरी तर पूर्ण बंद, कारण धूर ओव्याचा असला तरी फुप्फुसाला तो धूरच.

आता सासूबाई. तुम्ही लिहिता, त्या जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना समजावणं अवघड आहे. ताई, जरा कठोर वाटेल, पण मला तुम्ही दोघी एकाच वळणाच्या दिसता. त्या बाळाच्या उशीवर थेंब टाकतात, तुम्ही डिफ्यूझरच्या पाण्यात. त्यांचा भरवसा उटीच्या दुकानदारावर, तुमचा मैत्रिणीच्या संचावर. बाळाला बरं वाटावं ही तगमगही सारखीच. त्यामुळे "तुमचं बंद, माझं सुरू" असा हा बदल झाला तर त्यांना तो अपमान वाटेल, आणि ते रास्तच असेल. आधी स्वतःचा डिफ्यूझर उचलून ठेवा, त्यांच्यादेखत. मग बोला.

बोलायचं काय? मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवू नका, नवऱ्याला मध्ये घालून "आई, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय" असा फर्मानही पाठवू नका. बाळाच्या पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर न्या. दिवसभर बाळाचं पाहतात त्या, डॉक्टरांचं बोलणं मात्र त्यांच्यापर्यंत तुमच्यामार्फत पोचतं, तेही संध्याकाळी, दमल्यावर. डॉक्टरांना तिथे सांगा, "हिची आजी हिला सांभाळते, सर्दीत काय करायचं ते तिलाच सांगा." त्यांना प्रश्न विचारू द्या, तीन मुलांचं सांगू द्या. घरी आल्यावर एवढं म्हणता येईल : "आई, मला माझी तेलंही काढून टाकावी लागली. आता हिची मालिश तुमच्याच हातची, पण साध्या खोबरेलाने. तुमचा हात लागला की ती झोपते." यातलं शेवटचं खरं असेल तरच म्हणा. खोट्या कौतुकाचा सूर सासूबाईंना लगेच ओळखू येतो.

कोमट खोबरेल आणि त्यांचा हात एवढं मालिशीला पुरे. ओव्याची पुरचुंडी पाळण्याजवळ बांधू का, असं त्या विचारतील. कोरडा ओवा आणि ओव्याचं तेल यांत फार फरक आहे, त्यामुळे बाळाच्या हाताला लागणार नाही अशी लांब ठेवली तर मी अडवणार नाही, फक्त अंगाला गरम गरम शेकू नये. कापूर घातलेली पुरचुंडी मात्र नको. करोनाच्या काळात ती गळ्यात घालायची टूम निघाली होती आणि अजून काही घरांत ती आहे. कापूर निलगिरीपेक्षाही वाईट : ग्रॅमभर कापूर पोटात जाऊन लहान मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. देवघरातली कापराची डबी जमिनीलगत असेल तर तीही आजच वर ठेवा.

आणि उटीची बाटली फेकून देऊ नका. ती त्यांची आहे, त्यांच्या गुडघ्यांना उपयोगी पडेल. चमचाभर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात दोन-तीन थेंब, याहून जास्त नको. नुसतं तेल कातडीला लावू नये, त्याने आग होते, पुरळ उठतं. लावून झाल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मगच बाळाला घ्यायचं, ही अट कबूल करून घ्या. तेल खूप जुनं असेल, झाकण नीट बसत नसेल, तर ते हवेने बदलतं आणि कातडीला जास्त त्रास देतं. असं तेल फरशीच्या पाण्यात चार थेंब घालून संपवा, तेही बाळ दुसऱ्या खोलीत असताना. डब्यांवरच्या स्टिकरचा चिकटा निघत नसेल तर त्यावरही हे तेल छान चालतं. गॅस आणि निरांजनापासून मात्र लांब ठेवा, हे तेल सहज पेट घेतं. भेसळ बघायची हौस असेल तर कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवा. काही तासांनी तेलकट डाग राहिला तर त्यात दुसरं साधं तेल मिसळलेलं आहे, कारण अस्सल तेल उडून जातं. बाकीच्या भेसळी या परीक्षेत पकडल्या जात नाहीत.

अशाच आशयाची पत्रं इतरांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. फिट येण्याचा आजार असलेल्यांनी निलगिरी-कापराची तेलं आणि बाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूही नयेत, हुंगूही नयेत. दम्याच्या माणसाला या वासाने बरं वाटेल की धाप लागेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे घरात दमेकरी असेल तर डिफ्यूझर नकोच. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना स्वतःच्या मनाने वापर टाळा. घरात मांजर असेल तर तिच्या यकृताला ही द्रव्यं निचरून टाकणं जड जातं, तिच्याही अंगाला काही लावू नका.

राहता राहिली तुमची मैत्रीण. ती सांगते की तिची तेलं इतकी शुद्ध आहेत की पाण्यात घालून पिता येतात. तुम्ही ती पीत असाल तर थांबवा. सर्दी-सायनसवर सिनिओलच्या कॅप्सूल मोठ्यांना देऊन अभ्यास झाले आहेत हे खरं, पण त्यांत मात्रा मोजून ठरवलेली असते. ग्लासातल्या पाण्यात तेल विरघळत नाही, वर तरंगतं आणि घोटाबरोबर जसंच्या तसं तोंडाच्या, घशाच्या अस्तराला लागतं. मैत्रिणीशी वाद घालायची गरज नाही. ती रोज समोर भेटणारी, आणि तिनेही हे कुठल्यातरी सभेत ऐकलेलंच असणार. तिच्याही घरी लहान मूल असेल तर कट्ट्यावरच्या बाटल्यांबद्दल तिला सांगा. न वापरलेला संच परत घेत असतील तर तेही विचारून बघा, पैसे लहान नाहीत.